एका कॉलपुरती जागा

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. पाऊस परतून दोन दिवस झाले. आकाश स्वच्छ, दुपारी चौतीस अंश, हवा दमट, खाडीकडून वारा नाही.

ही नोंद मी बुधवारी लिहितो आहे. सोमवारपर्यंत पेन नीट धरता येत नव्हतं. वेळा मात्र बरोबर आहेत. काही माझ्या मनगटावरच्या घड्याळातल्या आहेत, काही राउटरच्या नोंदीतल्या, आणि दोन्ही मी ताडून घेतल्या आहेत.

अकरा वाजता जुईनगरच्या घरून निघालो. काम साधं होतं. तुर्भ्यात, मार्केटच्या मागच्या बाजूला, एका व्यापारी इमारतीच्या तळघरात आमच्या कंपनीची मशीन रूम आहे. आसपासच्या गोदामांचे, पेढ्यांचे, शीतगृहांचे फोन आणि डेटा तिथून पुढे जातो. रस्ता खोदायचा असल्यामुळे मुख्य फायबर दुपारी बारा ते चार काढून ठेवणार होते. तेवढा वेळ सगळा भार गच्चीवरच्या छोट्या रेडिओ लिंकवर घ्यायचा आणि त्या चिंचोळ्या वाटेतून फोनचे आवाज नीट जातात की नाही हे बघायचं, एवढंच.

हे काम मी शाळेत शिकलो नाही. बारावीनंतर केबल ओढायला लागलो आणि डिक्शनरी शेजारी ठेवून मॅन्युअलं वाचली. माझ्या वडिलांनी कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं गोण्या वाहिल्या. गोणीत काय आहे हे हमाल उघडून बघत नाही, वरची खूण बघतो आणि चालू लागतो. आमचं नेटवर्कही असंच आहे. आत शिरणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर कडेचा राउटर लेबल चिकटवतो. मधले राउटर पॅकेट उघडत नाहीत, लेबलच वाचतात. त्या लेबलवर शून्य ते सात यांपैकी एक आकडा टाकायला जागा असते. माणसाच्या आवाजाला आम्ही पाच देतो. पाचवाला गर्दीतही सगळ्यांच्या पुढे जातो. शून्यवाला रांगेत थांबतो आणि रांग भरली की त्याला टाकून देतात. ईमेल अर्धा सेकंद उशिरा आला तर कुणाला कळत नाही. शब्दातलं एक अक्षर अर्धा सेकंद उशिरा आलं तर ते आलंच नाही असं समजायचं.

गेटवर नामा होता, सकाळचा गार्ड. त्याने रजिस्टर पुढे केलं.

"साहेब, बाहेर जायचा टाइम पण टाकून ठेवा ना. परत वर कुठं येताय उन्हात?"

"आणि उशीर झाला तर?"

"तुम्हाला कधी उशीर झालाय? तुमच्यावर तर आम्ही घड्याळं लावतो."

मला हसू आलं. फील्डवरची सगळी माणसं असंच करतात, मीच करत नव्हतो. मी लिहिलं: रावसाहेब, आत १२.१०, बाहेर २.३०.

खाली उतरल्यावर महापेच्या कंट्रोल रूमला फोन केला. खोलीतल्या कपाटात एक टेस्ट फोन ठेवलेला आहे, तळघरात मोबाइलला रेंज नसते. तिकडे फोन सुचिताने उचलला. सारसोळ्याची मुलगी, तीन वर्षांपासून कंट्रोलला आहे.

"काका, तुमच्या अर्जाप्रमाणे तिकडचे सगळे अलार्म चारपर्यंत म्यूट केलेत. आता तुमी तिथं नाचलात तरी आमाला काय दिसनार नाय."

"नाचायचं वय गेलं."

"मंग बसून घ्या. आमी चिवडा खातोय."

बारा वाजून वीस मिनिटांनी भार रेडिओ लिंकवर गेला. लिंक गच्च भरली, त्यात बहुतेक गोदामांच्या कॅमेऱ्यांची चित्रं. रविवार, मार्केट बंद, फोन करणार कोण? म्हणून मी आवाजाच्या रांगेत फक्त एका कॉलपुरती जागा ठेवली आणि बाकीची कॅमेऱ्यांना दिली. टेस्ट फोनला पाचाची खूण देऊन तीनदा तपासलं, आवाज स्वच्छ. खूण काढून तपासलं, आवाज तुटका. अपेक्षेप्रमाणे. मग आकडे उतरवत बसलो, आणि अडीच कधी वाजले ते कळलं नाही.

दोन पस्तीसला दाराकडे लोखंडावर लोखंड वाजलं. वरचा पंप असेल असं वाटून मी तो आकड्यांचा रकाना पूर्ण केला. मग उठलो.

दार बाहेरून बंद होतं. गेल्या वर्षी तांब्याची केबल चोरीला गेल्यापासून, माणूस बाहेर पडला की गार्ड कडीला कुलूप लावतो. नामाची पाळी दोनला संपली होती. दुपारच्या गार्डने रजिस्टर पाहिलं असणार. बाहेर २.३०, माझ्याच अक्षरात. त्याने त्याचं काम केलं होतं. मी पोलादी दारावर हात आपटले, हाका मारल्या. मशीनच्या पंख्यांची घरघर एवढी की माझी हाक मलाच नीट ऐकू येईना.

दोन पन्नासला लाइट गेली.

मशीनं बॅटरीवर चालतात, एसी चालत नाही. मशीनची बारा कपाटं गरम हवा सोडत राहिली आणि ती हवा बाहेर जायला वाट नव्हती. अंधारात हिरवे ठिपके लुकलुकत होते. तापलेल्या प्लास्टिकचा गोडसर वास यायला लागला. भिंतीवरचा तापमानाचा आकडा बॅटरीवर उजळलेला होता: एकतीस. मला घाबरायला झालं नव्हतं. फोन होता ना.

तीन वाजून पाच मिनिटं, चौतीस अंश. फोन लावला.

"हॅलो, कंट्रोल."

"सुचिता, मी रावसाहेब. तुर्भ्याला आत अडकलोय. बाहेरून कुलूप लागलंय."

"हॅलो? कोन बोलतंय?"

"रावसाहेब! तुर्भे! गार्डला सांग…"

"हॅलो… आवाज तुटतोय हो. परत करा."

तिचा आवाज मात्र लख्ख येत होता. दाताखाली चिवडा कुरकुरला तेही मला ऐकू आलं. मग ती शेजारच्या कुणाला म्हणाली, "कुठला तरी टेस्ट फोन चालू राहिलाय वाटतं," आणि तिने फोन ठेवला.

मी स्वतःवरच चिडलो. शेवटच्या तपासणीत फोनची खूण काढली होती, ती परत लावली नव्हती. लॅपटॉपवरून खूण लावली. आमच्या या लॅपटॉपला इंटरनेट देत नाहीत. एका वायरने तो राउटरशी बोलतो, बस्स. पाच. परत फोन लावला. तीच तुटातूट, तेच "हॅलो, हॅलो". तिसऱ्यांदा लावला तर तिने न बोलताच ठेवला.

राउटरवरून अलार्म वाजवावा, एखादं मशीन बंद करावं, तर तिच्या पडद्यावर काही उमटणार नव्हतं. चारपर्यंत दुर्लक्ष करा, असं मीच लिहून दिलं होतं.

तीन वीस. अडतीस अंश. शर्ट काढून डोक्याला गुंडाळला. मग आवाजाची रांग उघडून पाहिली, आणि प्रथम मला वाटलं की घामाने चष्म्यावर काही दिसतंय.

रांग भरलेली होती. माझी पॅकेटं तिच्यात शिरतच नव्हती. एका बोलण्याची सेकंदाला पन्नास पॅकेटं जातात, आणि एका कॉलपुरती जी जागा मी ठेवली होती तिच्यातून सेकंदाला बरोबर पन्नास चालली होती. कुणीतरी बोलत होतं.

मी जागा दोन कॉलची केली. पन्नासाचे शंभर झाले, माझं पॅकेट तरीही बाहेरच. चार कॉलची केली. दोनशे. दहाची केली आणि बघत राहिलो. पाचशे. मी हात मागे घेतला. मग जागा पुन्हा एकाची केली. पन्नास.

ती पॅकेटं कुणाची हे पाहायला यादी काढली. यादीत लेबलपुढे ग्राहकाचं नाव येतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. तुर्भ्यातलं एक शीतगृह, तीन वर्षांपूर्वी बंद पडलेलं. त्याची जोडणी मी स्वतः, माझ्या हाताने, राउटरवरून पुसली होती.

आता २०२१ सालचं लिहायला हवं. त्या वर्षीच्या वहीत ते आहे, पण एकाच ओळीत.

त्या शीतगृहाच्या थंड खोलीत भिंतीवर एक फोन होता. तो उचलला की थेट नाशिकला मुख्य कचेरीत वाजायचा, तिथे पोपट नावाचा माणूस फोनवर बसायचा. ती जोडणी मी केली होती. आवाजाला पाचाची खूण दोन्ही टोकांना लावावी लागते, कारण प्रत्येक टोक आपल्याकडून निघणाऱ्या पॅकेटवरच खूण करतं. नाशिकचं टोक मी नीट केलं. तुर्भ्याच्या टोकाला मी खुणेचा नियम लिहिला, पण तो बाहेर जाणाऱ्या वाटेवर लावायची ओळ टाकायला विसरलो. म्हणजे नाशिकचा आवाज तुर्भ्याला स्वच्छ यायचा. तुर्भ्याचा आवाज गर्दीच्या वेळी तुटायचा.

जूनमध्ये एका दुपारी पाटण तालुक्यातला ज्योतिबा नावाचा हमाल सफरचंदाच्या पेट्या लावताना आत राहिला आणि दार लागलं. आतली कडी मोडकी होती. त्याने नाशिकला सहा वेळा फोन केला. पोपटने सहाही वेळा उचलला. शेवटच्या वेळी ज्योतिबाने फोन ठेवलाच नाही. तो कॉल तीन तास दहा मिनिटं चालू होता. दार उघडलं तेव्हा ज्योतिबा मेलेला होता.

दोष शोधायला मलाच पाठवलं. ती राहिलेली ओळ मी पाच मिनिटांत टाकली आणि अहवालात लिहिलं, जोडणीत दोष आढळला नाही. पोपटची नोकरी गेली.

तीन चाळीस. त्रेचाळीस अंश. जीभ टाळूला चिकटत होती, कानात ठोके पडत होते. कुणाचा कॉल आहे हे यादीने सांगितलं होतं, तरी मी रिसीव्हर उचलला. डायल टोन आला नाही.

कॉम्प्रेसरची घुमघुम. संथ, खोल. तिच्यावर कुणाचा तरी श्वास, दात वाजत असताना येतो तसा.

"…हॅलो."

मी रिसीव्हर कानाशी आणखी दाबून धरला.

"हॅलो… आवाज येतोय का माजा?"

एकेक अक्षर स्वच्छ होतं. माणूस खांद्याशी उभा राहून बोलतो तसं.

"येतोय," मी म्हणालो.

पलीकडे श्वास थांबला. घुमघुम चालू राहिली. मग तो, जरा घाईने, जरा आनंदाने म्हणाला, "येतोय व्हय? मग उगडा की."

"ज्योतिबा…"

"व्हय. ज्योतिबा. आत ऱ्हायलोय वो मी. कडी तुटलीया हितली."

"मी पण आत आहे. माझंही दार बंद आहे."

"उगडा की सायेब. लई येळ झाला."

मी त्याला सांगितलं. चार वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. ओळ माझ्याकडून राहिली, पोपटची चूक नव्हती, अहवाल खोटा होता. सांगताना मी रडत होतो की घाम होता ते मला माहीत नाही. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"ते ऱ्हाऊंद्या," तो म्हणाला. "दार उगडा."

मला उलटी झाली. भिंतीचा आधार घ्यायला गेलो तर भिंत तापलेली होती. घड्याळात तीन पंचावन्न. चारनंतर अलार्म परत दिसू लागतील हे डोक्यात आलं, पण फायबरवाले चारला कधीच संपवत नाहीत. ते सुचिताला फोन करून वेळ वाढवून घेतात आणि ती अलार्म तसेच म्यूट ठेवते. सहा वाजले असते. मला सहापर्यंत टिकता आलं नसतं. पुढचं मी शुद्धीत केलं, हे इथे लिहून ठेवतो.

रिसीव्हर मानेत धरून मी लॅपटॉपवर त्या जोडणीची ओळ काढली. तिच्यावरचं पाच काढून शून्य टाकणारी आज्ञा लिहिली. एंटर दाबायचं बाकी होतं.

"ज्योतिबा," मी म्हणालो, "ऐका. मी माणूस पाठवतो. दोन मिनिटं थांबा."

"पाठिवताय?"

"हो."

"नक्की ना वो?"

"नक्की."

"बरं," तो म्हणाला. "थांबतो."

मी एंटर दाबलं. राउटरची नोंद: तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटं वीस सेकंद.

"…थां… ब…" एवढं परत एकदा आलं. मग घुमघुमीचे तुकडे, मग नुसती खरखर, मग डायल टोन.

मी कंट्रोलचा नंबर लावला.

"हॅलो, कंट्रोल."

"सुचिता, रावसाहेब. तुर्भे, तळघर. बाहेरून कुलूप आहे. एसी बंद आहे."

"अगं बाई! काका! आता आवाज एकदम क्लियर… थांबा, ठेवू नका, मी गार्डला लावते दुसऱ्या लाइनवर. काका, बोलत ऱ्हा माज्याशी. काय पन बोला. जेवलात का?"

"नाही."

"मंग डबा कुनासाठी आनलाय? बोला ना काका… गप बसू नका. काका?"

चार वाजून नऊ मिनिटांनी दार उघडलं. खोलीत सेहेचाळीस अंश होते. दुपारच्या गार्डने मला जिन्यावर बसवलं, डोक्यावर बाटली ओतली आणि सारखं म्हणत राहिला, "साहेब, रजिस्टरमध्ये तुम्ही बाहेर होता. मी बघितलं ना. तुम्ही बाहेर होता." मी त्याला म्हणालो की त्याची चूक नाही. वाशीच्या दवाखान्यात एक रात्र सलाइन लागलं.

सोमवारी घरी आलो. मंगळवारी सकाळी कचेरीत २०२१ च्या अहवालाबद्दल लेखी दिलं आणि पोच घेतली. त्यानंतर सुचिताच्या शेजारी बसून तुर्भ्याचा राउटर उघडला. तो कॉल कुणाचा होता हे मी तिला सांगितलं नाही. यादीत ते नाव होतं, पुढे शून्य. मी पुन्हा पाच लावलं. राउटरने आज्ञा घेतली, जतन केली, आणि यादी परत काढल्यावर पुढे शून्य दाखवलं. तीनदा केलं. मग ती जोडणीच पुसायचा प्रयत्न केला, तर अशी जोडणी अस्तित्वात नाही असं उत्तर आलं.

"मंग हे काय दिसतंय?" सुचिता म्हणाली.

दुपारी मी तुर्भ्याला गेलो. नामा माझ्याबरोबर आला आणि दाराशी उभा राहिला. दार उघडं ठेवून मी टेस्ट फोन उचलला. डायल टोन होता. दहा मिनिटं धरून ठेवला. डायल टोनच होता. शीतगृहाच्या जागेवरही जाऊन आलो. तिथे आता टाइल्सचं गोदाम आहे. थंड खोलीची भिंत पाडलेली आहे, दार नाही, फोन नाही.

मुख्य फायबर रविवारी संध्याकाळी सहा दहाला जोडली गेली. तेव्हापासून लिंक एक दशांशही भरलेली नाही. रांगा रिकाम्या आहेत, दुसऱ्या कुठल्याही ग्राहकाचं एकही पॅकेट टाकून दिलं गेलेलं नाही.

आज, बुधवार, सकाळी नऊ वाजता सुचिताने फोनवर वाचून दाखवलेले त्या लेबलचे आकडे: आलेली, सेकंदाला पन्नास. टाकून दिलेली, सेकंदाला पन्नास. पोहोचलेली, शून्य. कॉल सुरू असल्याची वेळ, पासष्ट तास एक मिनिट. मोजणी सुरू झाल्याची वेळ, रविवार, तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटं वीस सेकंद.